मॉनिटरखालची वही

६ जानेवारी, सोमवार

सहकारी बँकेने नव्या वर्षाची डायरी फुकट दिली, म्हणून लिहायला बसले. नाहीतर माझा आणि डायरीचा काही संबंध नाही. अम्मचीला, म्हणजे आईला, सांगितलंय की यात ऑफिसचं लिहिते, म्हणजे ती उघडणार नाही.

आज पुळिक्कडवूच्या सहकारी रुग्णालयात रुजू झाले. सिस्टिम मॅनेजर. नाव भारदस्त, जागा जिन्याखाली: दोन सर्व्हर, एक खोकणारा एसी आणि वेलायुधन सर. सर या शुक्रवारी निवृत्त होतात. अठरा वर्षं त्यांनी एकट्याने हा कारभार ओढला. कमरेला परीटघडीचं मुंडू, खिशात दोन पेनं आणि बोलणं इतकं सावकाश की ऐकणाऱ्याने मध्ये एक चहा पिऊन यावा.

त्यांचा कारभार बघून मी थक्कच झाले. या मशीनवर दोनशे बारा प्रोग्रॅम आहेत आणि त्यांतला एकही तयार पॅकेज म्हणून घेतलेला नाही. बाकीचं जग बांधून ठेवलेलं पॅकेज उतरवून घेतं आणि दोन मिनिटांत कामाला लागतं. सर मूळ कोड आणतात आणि इथे, याच मशीनवर, स्वतः कंपाइल करतात, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम बांधतात. एखादा मोठा प्रोग्रॅम बदलायचा म्हणजे दोन दिवस पंखे घरघरत असतात आणि बिलिंगच्या मुली कपाळाला हात लावून बसतात.

"सर, तयार पॅकेज का नाही घेत?"

"मोळे, तयार पॅकेजात दुसऱ्याने निवडलेलं मिळतं. इथं आपण निवडतो." मोळे म्हणजे पोरी, सर मला तसंच म्हणतात.

"पण दोन दिवस जातात."

"जाऊ देत की. तुला कुठली गाडी पकडायचीय?"

निघताना त्यांनी मला एक दोनशे पानी वही दिली. शाळेची, कव्हरवर हत्ती. आत बारीक मल्याळम अक्षरात अठरा वर्षांचा संसार. म्हणाले, "पहिलं पान आधी वाच." मी वही टेबलावर ठेवली. टेबल बुटकं आहे, मॉनिटरकडे बघताना मान दुखते. वही मॉनिटरखाली सरकवली तर उंची अगदी बेतशीर झाली.

९ जानेवारी, गुरुवार

आज सरांनी रक्तपेढी दाखवली. रक्ताचा फ्रिज जुना आहे. त्याची स्वतःची घंटा केव्हाच मेली. म्हणून सरांनी आत सेन्सर बसवला, त्याची वायर एका पेटीत आणली आणि पेटी सर्व्हरला जोडली. पलीकडच्या खोलीतल्या स्क्रीनवर तापमानाचा आकडा दिसतो. सहा अंशांच्या वर गेला की तिथे आणि गेटवर घंटा वाजते.

तिथली तंत्रज्ञ तंकमणिचेची (चेची म्हणजे ताई) पन्नाशीची, दणकट, तोंडाने फटकळ. "सरांची घंटा म्हणजे माझा धाकटा जावई," ती म्हणाली. "काही कारण नसताना बोंबलतो. आठवड्यातून दोनदा तरी. मी धावत जाते तर आत सगळं थंडगार."

सर नुसते हसले. "धावत जातेस ना? मग झालं."

मला ते काही झालं असं वाटलं नाही. उगाच वाजणारी घंटा म्हणजे बिघडलेली घंटा. यादीत लिहून ठेवलंय.

१४ जानेवारी, मंगळवार

सर गेले. शुक्रवारी समारंभ झाला, शाल, नारळ, तीन भाषणं. तरी सोमवारी चार वाजता पुन्हा हजर! आजही. "पाय मोकळे करायला आलो," म्हणाले, आणि रक्तपेढीकडे एक चक्कर मारून गेले. निवृत्ती पचत नाही बऱ्याच जणांना. आमचे अप्पचन, म्हणजे वडील, रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा सहा महिने स्टेशनावर जाऊन बसायचे.

घरी अम्मचीशी भांडण. मी डोशाच्या पिठाचं पाकीट आणलं. तिने ते दोन बोटांनी उचलून बघितलं.

"यात काय घातलंय कुणी बघितलंय?"

"अम्मची, हजार घरं खातात. कुणी मेलं नाही."

"हजार घरांना मेथी किती आवडते ते मला काय माहीत? आपल्याला दाणाभर जास्त लागते."

ती पहाटे पाचला ग्राइंडर लावते. घर हादरतं. मला वाटलं, वेलायुधन सरांनी हिलाच नोकरीवर ठेवायला हवं होतं.

ठरवलं. सगळं तयार पॅकेजांवर न्यायचं. ज्या लोकांनी पॅकेजं बांधली ते माझ्याहून आणि सरांहून हुशार आहेत, आणि ती वापरणाऱ्या लाखो लोकांनी त्यांतल्या चुका आधीच पकडल्यात. एका माणसाच्या डोक्यात राहणारी सिस्टिम म्हणजे त्या माणसाला सर्दी झाली की रुग्णालय शिंकणार.

२० जानेवारी, सोमवार

सेक्रेटरी राजगोपालन यांनी लगेच परवानगी दिली. सव्वीस तारखेच्या रविवारी ओपीडी बंद असते, तेव्हा कर म्हणाले. त्यांना बिलिंगची कुरकुर बंद झालेली हवी, बाकी काही नाही.

चार वाजता सर आले. त्यांना कुणीतरी सांगितलेलं दिसलं. खुर्चीवर बसले, मुंडूची घडी नीट केली.

"सगळं पॅकेजावर नेतेस?"

"हो सर."

मला वाटलं, आता व्याख्यान. पण ते म्हणाले, "चांगलं आहे. पण दोनशे बारांतलं एक..."

"सर, वहीत लिहिलंय ना ते?"

"लिहिलंय."

"मग मी वाचते ना. तुम्ही नका काळजी करू. आता माझ्यावर सोडा."

त्यांनी मॉनिटरकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं." आणि रक्तपेढीकडे गेले. उद्धटपणा झाला का माझ्याकडून? झाला थोडा. पण रोज सासऱ्यासारखं कुणी मागे उभं राहिलं तर हात चालत नाही.

२६ जानेवारी, रविवार

झालं! सकाळी सातला सुरू केलं, एक आज्ञा, सगळी दोनशे बारा पॅकेजं बदला, आणि चाळीस मिनिटांत काम खलास. सरांना यालाच दीड महिना लागला असता. बिलिंग चालू, प्रयोगशाळा चालू, औषधांचा साठा चालू, रक्तपेढीचा आकडा चालू. दुपारी घरी जाऊन माशाची मीनकरी आणि उकडलेल्या कंदाचा कप्पा हादडला आणि झोपले.

३ फेब्रुवारी, सोमवार

सगळे खूश. बिलिंगच्या मुलींनी पळंपोरी आणली, गरम, केळ्याची भजी, आतून मऊ. तंकमणिचेची स्वतः खाली आली.

"जिन्सी, काय जादू केलीस? जावई गप्प झाला. आठवडा झाला, एकदा बोंबलला नाही."

"नवीन पॅकेज आहे चेची. यात तसल्या चुका नसतात."

"देव तुझं भलं करो. गुडघे वाचले माझे."

खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. उगाच वाजणारी घंटा सरांना अठरा वर्षांत दुरुस्त करता आली नाही, मी काही न करता केली.

सर आलेच चार वाजता. "घंटा वाजली का या आठवड्यात?" त्यांनी विचारलं.

"एकदाही नाही," मी जरा ऐटीतच म्हणाले.

त्यांचा चेहरा उतरला. अगदी दिसण्याइतका. मग विचारलं, "वही वाचतेस ना?"

"चालू आहे सर."

"कुठवर आलीस?"

"बरीच झाली."

"पहिलं पान वाचलंस?"

"हो हो."

माझ्याकडे त्यांनी असं काही बघितलं की मला कामाचं नाटक करावं लागलं. एखाद्याचा बदल यशस्वी झाला तर तोंड भरून बोलायला काय जातं? हेवा वाटत असणार.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज हद्द झाली. सर चार वाजता आले आणि माझ्याकडे न येता सरळ रक्तपेढीत गेले. फ्रिजच्या दारावर जुन्या पद्धतीचा काट्याचा थर्मामीटर आहे. चष्मा कपाळावर चढवून त्याला नाक लावून उभे होते. तंकमणिचेचीला म्हणत होते, "स्क्रीनवर बघून नको लिहूस, हा काटा बघून लिही." म्हणजे माझ्या सिस्टिमवर विश्वास ठेवू नका असा प्रचार. माझ्या समोर.

मी सेक्रेटरींना जाऊन सांगितलं की निवृत्त माणूस रोज रक्तपेढीत शिरतो, हे नियमात बसत नाही. त्यांनी मोइदूक्काला बोलावून सांगितलं, वेलायुधन सर पेशंट म्हणून आले तर सोडायचं, नाहीतर नाही. मोइदूक्का आमचा गेटवरचा रखवालदार, पंधरा वर्षं इथला, सगळ्यांचा इक्का, म्हणजे थोरला भाऊ. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मला नोकरीला सरांनीच लावलं होतं, मोळे."  नियम म्हणजे नियम.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सरांचे दोन फोन. उचलले नाहीत.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज भगवतीची वेला, देवीचा वार्षिक उत्सव. सकाळपासून चेंडा ढोलांचा आवाज, रस्त्यात हत्ती, गावभर दिव्यांच्या माळा. वीज दिवसभर वरखाली होतेय. मी सर्व्हरजवळून हललेच नाही, पण सर्व्हरच्या बॅटऱ्या नीट आहेत, काही बिघडलं नाही. तंकमणिचेची आज दुपारपासून उद्या सकाळपर्यंत एकटी आहे, बाकीच्यांनी वेलासाठी रजा टाकल्या.

चार वाजता गेटवर बोलाचाली दिसली. सर होते. मोइदूक्का हात जोडून काहीतरी सांगत होता. सर बराच वेळ समोरच्या बसथांब्यावर उभे राहिले, मग गर्दीत गेले. मला बरं नाही वाटलं. पण एकदा ठरलं की ठरलं.

पाचला निघताना रक्तपेढीचा आकडा बघितला. ४.०. तीन वाजल्यापासून एका दशांशाने हललेला नाही. सरांच्या वेळी तो सारखा नाचायचा, कधी ३.७, कधी ४.४. नवं पॅकेज किती स्थिर आहे बघा.

१६ फेब्रुवारी, रविवार

आत्ताच लिहिते, नाहीतर उद्या मीच मला वेगळं काहीतरी सांगेन.

सकाळी साडेसहाला फोन आला. श्रीकला नावाची एक मुलगी पहाटे बाळंत झाली, रक्तस्राव थांबेना. तिचा रक्तगट ओ निगेटिव्ह. तिच्यासाठी दोन पिशव्या दोन आठवड्यांपासून राखून ठेवल्या होत्या. तंकमणिचेचीने फ्रिज उघडला तर आत काळोख, आणि पिशव्या कोमट. अडतीसच्या अडतीस पिशव्या. काट्याचा थर्मामीटर तेवीसवर. पलीकडच्या खोलीत स्क्रीनवर ४.०.

घंटा वाजली नाही.

श्रीकलाला अँब्युलन्समधून त्रिशूरला नेलं. रस्त्यात वेलाचे हत्ती परत निघाले होते, तीन ठिकाणी थांबावं लागलं. संध्याकाळी निरोप आला की जिवंत आहे, अतिदक्षता विभागात. बाळ इथेच आहे, आजीकडे. मी खिडकीतून बघितलं. टोपी मोठी झाली होती त्याला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

इलेक्ट्रिशियनने सांगितलं: शनिवारी दुपारी विजेच्या उसळीने स्टॅबिलायझर जळला. फ्रिज आणि सेन्सरची पेटी दोन्ही त्याच्यावरच होती. दोन्ही एकदम गेली.

मी दार लावून नोंदी काढल्या. पेटीकडून शेवटचा आकडा शनिवारी दुपारी दोन बावन्नला आला. ४.०. त्यानंतर काहीच नाही. साडेपंधरा तास काहीच नाही. आणि नव्या पॅकेजने काय केलं, तर शेवटचा आकडा दाखवत राहिलं. काही आलं नाही म्हणजे काही बदललं नाही, असा त्याचा हिशेब.

मग जुना बॅकअप उघडला. सरांनी बांधलेला तोच प्रोग्रॅम, तीच आवृत्ती. मूळ कोडाशी ताडून बघितला. नऊ ओळी वेगळ्या. वर मल्याळममध्ये एक ओळ: "उत्तर आलं नाही तर जुना आकडा दाखवू नकोस. घंटा वाजव."

म्हणजे ती उगाच वाजत नव्हती. वायर सैल व्हायची, आकडा यायचा थांबायचा, तेव्हा वाजायची. चेची धावत जायची, काटा बघायची, वायर दाबायची. मी ज्या शांततेवर पळंपोरी खाल्ली ती ही होती.

मोइदूक्का संध्याकाळी सायकलला कुलूप लावताना म्हणाला, "शनिवारी सर म्हणाले, मला नको सोडूस बाबा, तूच आत जाऊन त्या फ्रिजचा काटा बघून ये. मी म्हटलं, वेलाची गर्दी आहे, गेट सोडून कसा जाऊ?" मग म्हणाला, "गेलो असतो तर काय बिघडलं असतं, नाही का?"

मी म्हटलं, "तुमची काय चूक इक्का." 

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज कुणाला काही सांगितलं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

तंकमणिचेचीला निलंबित केलं. दर चार तासांनी दारावरच्या काट्यावरून तापमान रजिस्टरात लिहायचा नियम आहे. तिने शनिवारी दुपारी चारला, आठला, बाराला, पहाटे चारला, सगळीकडे ४.० लिहिलंय. स्क्रीनवरून. रुग्णालयाच्या व्यवस्थापन समितीचं म्हणणं, खोटी नोंद केली. येत्या शनिवारी समितीची बैठक आहे, तिथे कायमचं काढतील असं बोलतात. तिची निवृत्ती दोन वर्षांवर आहे.

सेक्रेटरींनी मला बोलावलं. "सॉफ्टवेअर ठीकच होतं ना?"

"स्क्रीन चालू होती सर," मी म्हणाले.

हे खोटं नाही. हे मी जिन्यावरून उतरताना स्वतःला तीनदा सांगितलं. चेचीने काटा बघायला हवा होता हेही खरं. नियम आहे. पण तिला स्क्रीनवर विश्वास ठेवायला कुणी शिकवलं? देव तुझं भलं करो म्हणाली होती ती.

तिला भेटले नाही. जाताना ती आपला डबा, छत्री आणि भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन गेली असं बिलिंगच्या मुलीने सांगितलं.

अम्मचीने विचारलं, "जेवत का नाहीस?" मी म्हटलं, पोट बिघडलंय. ती म्हणाली, "ते पाकिटातलं पीठ." मी रडले तेव्हा तिला वाटलं पिठावरून रडते. मग त्याच पाकिटातल्या पिठाचे डोसे करून वाढले तिने, बिचारीने.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दीड महिना ती वही समोर होती. मॉनिटरकडे बघायचं म्हणजे तिच्याकडे बघणं आलंच. हत्तीचा अर्धा डोळा बाहेर डोकावत होता.

आज काढली. पहिलं पान इथे उतरवून ठेवते.

"माझ्यानंतर येणाऱ्यासाठी. सगळं मूळ कोडातून बांधत बसू नका. मी सुरुवात केली तेव्हा तयार पॅकेजं आपल्या जुन्या मशीनवर चालत नसत, म्हणून बांधायला लागलो. मग सवय झाली आणि सवयीला मी तत्त्व म्हणायला लागलो. आता पॅकेजं चांगली असतात. दोनशे अकरा खुशाल घ्या. एक घेऊ नका, रक्तपेढीच्या फ्रिजचं. मूळचा प्रोग्रॅम सेन्सर गप्प झाला तरी शेवटचा आकडा दाखवत राहतो. मी त्यात नऊ ओळी बदलल्या आहेत. तयार पॅकेज घेतलंत तर त्या जातील आणि कुणाला कळणारही नाही, कारण सगळं शांत वाटेल. अपग्रेडच्या आधी या एकाला कुलूप घाला, म्हणजे तो बदलणार नाही. आज्ञा खाली लिहिली आहे. हे वाचलं की मला एवढंच कळवा. तोवर मी रोज चार वाजता येऊन काटा बघत जाईन."

खाली आज्ञा. एकच ओळ. टाइप करायला चार सेकंद लागतात. मी मोजले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बैठकीत उभं राहून सांगितलं. नोंदी दाखवल्या, नऊ ओळी दाखवल्या, वही टेबलावर ठेवली. वेलायुधन सरांना गेटवर अडवायला मीच सांगितलं, तेही. आवाज फाटत होता पण सगळं बोलले. चेची कोपऱ्यात खुर्चीच्या टोकावर बसली होती. माझ्याकडे बघितलं नाही.

नंतर राजगोपालन मला व्हरांड्यात म्हणाले, "हे सांगायची काय गरज होती? प्रकरण मिटत आलं होतं."

"कुणाचं मिटत आलं होतं सर?"

"तू लहान आहेस अजून," ते म्हणाले.

चेचीला ताकीद देऊन कामावर घेतलं. मी अजून कायम झाले नव्हते, त्यामुळे मला काढायला फार कागद लागले नाहीत. ३१ मार्चपर्यंत राहायचं, पुढच्या माणसाला सगळं समजावून द्यायचं. श्रीकलाला अतिदक्षता विभागातून बाहेर आणलं. तिच्या नवऱ्याने फोनवर माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आता मी काय बोलू, सांगा?" 

१ मार्च, शनिवार

आठवडाभर हिंमत होत नव्हती. आज सरांच्या घरी गेले. नदीकाठी लहानसं घर, अंगणात जायफळाचं झाड. त्यांनीच बिनदुधाचा कट्टन चहा केला, साखर जास्त घातली.

"सर, वही वाचली."

"कळलं मला."

"तोंडावर का नाही सांगितलंत? खोटं बोलते हे तुम्हाला कळलं होतं."

"कळलं होतं. पोरीला खोटं पाडून काय करायचं, असं वाटलं. म्हटलं, आपण जात राहू, पाय मोकळे होतात." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "मी मानी आहे, मोळे. तू म्हणालीस माझ्यावर सोडा, ते लागलं मला. मान बाजूला ठेवून एकदा ओरडलो असतो तर ती बाळंतीण आज घरी असती."



"आणि खरी चूक त्याच्याही आधीची," ते म्हणाले. "त्या नऊ ओळी मूळ प्रोग्रॅमवाल्यांना पाठवल्या असत्या तर त्यांनी आत घेतल्या असत्या. मग तू पॅकेज घेतलं असतंस तरी ओळी त्यातच आल्या असत्या. कुलूप नको, वही नको, मी नको. लिहून बारा वर्षं झाली, तरी पाठवल्या नाहीत. माझ्याजवळच असाव्यात असं वाटायचं. इथे माझ्यावाचून चालू नये असंही वाटत असेल."

आम्ही त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर बसलो आणि ओळी पाठवल्या. खाली नाव त्यांचं घातलं. त्यांनी माझंही घालायला सांगितलं, मी घातलं नाही. पाठवायला पाच मिनिटं लागली. ते म्हणाले, "एवढंच?" आणि लॅपटॉप मिटून ठेवला.

निघताना मी म्हटलं, "सोमवारी या सर. मोइदूक्काला सांगितलंय."

"वही वाचलीस ना? मग मी कशाला येऊ?"

३ मार्च, सोमवार

सकाळी फ्रिजचा प्रोग्रॅम सरांच्या नऊ ओळींसकट मशीनवर बांधला आणि त्याला कुलूप घातलं. बाकीची दोनशे अकरा पॅकेजं आहेत तशी ठेवली. मग मुद्दाम सेन्सरची वायर उपटली. घंटा अशी कोकलली की बिलिंगच्या मुली कानावर हात ठेवून बाहेर आल्या. कुणी तक्रार केली नाही.

चार वाजता सर आले नाहीत. मी गेटकडे बघून आले. मोइदूक्काही तिकडेच बघत होता.

मग मीच रक्तपेढीत गेले. तंकमणिचेची रजिस्टर उघडून बसली होती. ती अजून माझ्याशी बोलत नाही, आणि मी काही म्हणायचा प्रयत्नही करत नाही. फ्रिजच्या दारापाशी वाकून काटा बघितला. नवं रक्त आलंय, दोन पिशव्या ओ निगेटिव्ह, वरच्या कप्प्यात.

"किती?" तिने मान वर न करता विचारलं.

"चार पूर्णांक तीन."

तिने लिहिलं नाही. पेन खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली, मला बाजूला सारलं आणि स्वतः काटा बघितला. मग जाऊन लिहिलं.